वाळवणाची तार

मन्मथच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जी तार ताणली आहे, ती तार नाही. ती केबल आहे. काळी, करंगळीहून बारीक, जिन्याच्या डोक्यावरच्या खुंटीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत गेलेली. एका टोकाला अजून तो चंदेरी कनेक्टर आहे, उन्हापावसानं काळवंडलेला, पण शाबूत. परवा परळीला गेलो तेव्हा तिच्यावर एक जांभळी साडी, दोन पंचे आणि शाळेचा एक पांढरा शर्ट वाळत होता. मी आधी शर्टाकडेच बघत राहिलो. भर दुपार होती, वारं थर्मलच्या, वीज केंद्राच्या बाजूनं येत होतं, आणि शर्ट पांढराच होता.

आमच्या वेळी परळीत पांढरं काही पांढरं राहत नसे. थर्मलच्या चिमण्यांची राख इतकी बारीक की पडताना दिसायची नाही, पडून झाल्यावर दिसायची. वाळलेलं धोतर आधी झटकायचं आणि मग घडी घालायची, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. पाण्याच्या घागरीवर फडकं, पिठाच्या डब्यावर फडकं, आजारी माणसाच्या अंगावरही पातळसं फडकं. वैजनाथाच्या देवळातून येणारी माणसं कपाळाला भस्म लावून यायची आणि घरी पोचेपर्यंत खांद्यावर दुसरं भस्म घेऊन यायची. आता थर्मलचे जुने संच बंद झालेत. लोक म्हणतात, बरं झालं. बरंच झालं. पण मी गच्चीवर उभा राहून मोठा श्वास घेतला तेव्हा माझ्या नाकाला काहीच सापडलं नाही, आणि मला उगीच वाटलं की माझ्या तरुणपणाचा एक पुरावा कुणीतरी झटकून टाकला.

“ही अजून काढली नाहीस?” मी मन्मथला विचारलं.

“कावून काढू?” तो म्हणाला. “काम करती की.”

गावात आमची गोष्ट एका वाक्यात सांगतात. दोन पोरं माडीवर बसून वर्षभर कसलीतरी खटपट करत होती, त्यातलं एक पुण्याला पळालं आणि दुसरं निमूट बापाच्या गादीवर बसलं. पळालं ते मी. खरं सांगायचं तर मी स्वतःही ही गोष्ट अशीच सांगत आलो आहे, मान खाली घालून, थोडं हसून. पुण्यात सांगितली, परदेशात सांगितली, बायकोला सांगितली. मन्मथला मागे ठेवून आपण गेलो हे ओझं मी इतकी वर्षं वाहिलं आहे की त्याचा आकार माझ्या पाठीला आला आहे. ते मी नाकारत नाही. पण ती खटपट वाया गेली, हे मात्र आता ऐकून घेणार नाही. तेवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

बाजार खुला झाला म्हणायचे ती वर्षं. परळीत तो कसा खुला झाला? कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी पाटी आली. किराणा दुकानावर थंड पेयाचा लाल फळा आला. गच्च्यांवर ताटल्यांसारखे अँटेना उगवले. आणि कॉम्प्युटरचे क्लास निघाले. मी औरंगाबादहून इंजिनिअर होऊन परत आलो होतो आणि अशाच एका क्लासात शिकवत होतो. क्लासात चपला बाहेर काढाव्या लागत. आत कॉम्प्युटरना प्लास्टिकचे अंगरखे घातलेले असत, पडद्यावर पडदा, आणि उदबत्तीचा वास. पोरं हात जोडून आत यायची. माझे वडील थर्मलमध्ये पाळीला जायचे. आम्ही राहायचो कॉलनीत, जिथं लाईट सहसा जात नसे.

गावात जायची. ज्या गावातून आख्ख्या राज्याला वीज निघते त्या गावात ती जायची, आणि याचं कुणाला नवल वाटत नसे. दुकानदार मेणबत्ती पेटवायचा तीही बोलणं न थांबवता.

मन्मथ माझ्या शाळेच्या बाकावरचा. कॉलेज त्यानं मधेच सोडलं होतं. शिकवतात त्याच्या पुढचं आपण वाचलंय, आता परत मागं कशाला यायचं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वडिलांची, अप्पांची, मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात अडत. शेतकऱ्यांचा माल यायचा, सौदा व्हायचा, पोती उचलली जायची. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडच्या गोदामातला हमाल इथून हाक मारली तरी ओ द्यायचा. दुकानावर माडी होती, माडीवर ही गच्ची. तुरीचा हंगाम नसला की ती रिकामी. तिथं बारदानाचा वास कायमचा मुरलेला, आणि फळ्यांच्या फटींत डाळीचे पिवळे कण. त्या माडीवर आम्ही एक कॉम्प्युटर बसवला. दुसरा बसवला त्या पलीकडच्या गोदामात, मुनिमाच्या टेबलाखाली. मधल्या गच्च्यांवरून ही काळी केबल ओढली.

आम्ही काय करत होतो ते साध्या शब्दांत सांगतो, कारण तेव्हा कुणाला नीट सांगता आलं नाही. एका परदेशी विद्यापीठात एक फाइल सिस्टिम तयार झाली होती. म्हणजे फाइली ठेवायची एक पद्धत, पण एका यंत्रात नव्हे, जाळ्यातल्या अनेक यंत्रांत मिळून. मूळ फाइल एका ठिकाणी. बाकीची यंत्रं गरजेपुरती तिची प्रत जवळ घेऊन ठेवतात. मधला दुवा तुटला तरी ज्याच्याजवळ प्रत आहे त्यानं काम करत राहायचं, आणि दुवा जुळला की दोघांनी आपापलं लिहिलेलं ताडून घ्यायचं. मला हे वाचूनच भरून आलं होतं. पण ती बनली होती मोठ्या विद्यापीठांतल्या महागड्या यंत्रांसाठी. आमच्याजवळ होती लिनक्स, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही उघडून बघता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून घातलेली. लिनक्सवर ही फाइल सिस्टिम अर्धीमुर्धी चालायची. वाचायची, पण लिहायला गेलं की यंत्र गोठायचं आणि पडदाभर आकडे ओतून गप्प व्हायचं. ती पुरी चालवायची, हे आम्ही ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं म्हणूनच ठरवलं.

“यंत्रं आमच्या क्वार्टरवर नेऊ,” मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो होतो. “तिथं लाईट असते. निवांत काम होईल.”

मन्मथ तेव्हा स्क्रू ड्रायव्हरनं कॅबिनेटमधली राख खरवडत होता. “तुज्या कॉलनीत कायबी चालतंय बे, इंजिनेर. तिथं मी बी हुशार दिसन. बाजारात चाललं तर खरं.”

बाजारात दोन लायनी होत्या. मोंढ्याची एक, गोदामाकडची दुसरी. एकीकडं लाईट असली की दुसरीकडं नसायची, असा जणू करारच. माडीवरचं यंत्र ट्रॅक्टरच्या बॅटरीवर थोडा वेळ तग धरायचं, गोदामातलं नाही. त्यामुळं दोन्ही एकाच वेळी जागी असण्याचा काळ दिवसातून जेमतेम एखादा तास. तो तास कधी येईल ते आम्हाला गोदामाशेजारची पिठाची गिरणी सांगायची. गिरणीचा पट्टा फटफटायला लागला की तिकडची लाईट आली. इकडं पंखा फिरत असला की दोन्हीकडं आली. मग मन्मथ हातातला चहा तसाच ठेवायचा. आजही कुठं पिठाची गिरणी ऐकली की माझी बोटं आपोआप हलतात.

त्या माडीवरच्या दुपारी मला एकेक आठवत नाहीत, सगळ्यांची मिळून एकच दुपार झाली आहे. खाली हमालांच्या पाठीवरून पोतं पडल्याचा धप्प आवाज, त्यासरशी माडीच्या फळ्यांतून उठणारी धूळ. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नव्यानं बांधायला टाकला की जेवण व्हायचं, पान व्हायचं, डुलकी व्हायची, तरी यंत्र कुरकुरतच असायचं. मन्मथच्या आईनं वर पाठवलेली ज्वारीची भाकरी, तेलाची धार सोडलेला शेंगदाण्याचा ठेचा. डाग द्यायच्या पेनाचा, राळेचा धूर. बॅटरीच्या पाण्याचा आंबट वास. थर्मलची वाफ सोडली की आकाशातून कुणीतरी लांबलचक श्वास टाकल्यासारखा आवाज यायचा आणि काचा हलायच्या. मन्मथ उघडा बसायचा, नुसत्या लुंगीवर, आणि दुसऱ्यानं लिहिलेला कोड मोठ्यानं वाचायचा, पोथी वाचतात तसा, मधे मधे शिव्या घालत. त्याला इंग्रजी बोलता येत नसे. पण इंग्रजीत लिहिलेली चूक त्याला लांबून दिसायची.

आमचा टपालाचा रस्ताही सांगितला पाहिजे. ई-मेल होती औरंगाबादेत, माझ्या मावसभावाच्या ऑफिसात. आम्ही बदललेला कोड फ्लॉपीवर घालून, फ्लॉपी रुमालात गुंडाळून, रुमाल स्टीलच्या डब्यात ठेवून तो डबा सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो. मावसभाऊ स्टँडवर उतरवून घ्यायचा आणि कोड त्या विद्यापीठातल्या माणसांना मेलनं पाठवायचा. उत्तरं कागदावर छापून त्याच डब्यात यायची, आणि मावशी डबा रिकामा पाठवणं अशुभ मानत असल्यानं सोबत चिवडा. सातासमुद्रापलीकडच्या विद्वानांची पत्रं आम्ही तेलाच्या डागांतून वाचली आहेत.

“काय राव, आज काय म्हनतंय परदेश?” कंडक्टर डबा देताना विचारायचा.

“म्हनतंय, थांबा,” मन्मथ सांगायचा.

पावसाळा सरता सरता लिहिणं जमलं. यंत्र गोठेना. आम्ही पेढे आणले. आणि दुसऱ्याच दिवसापासून तो छळ सुरू झाला. दोन्हीकडं लाईट, गिरणी फटफटते आहे, पंखा फिरतो आहे, आणि सकाळी अकराच्या सुमाराला गोदामातलं यंत्र जाळ्यातून नाहीसं व्हायचं. मग थोड्या वेळानं परत. परत गायब. कधी अर्धी फाइल जायची आणि अर्धी राहायची. आम्ही कोडमध्ये शिरलो. चूक आमचीच असणार याबद्दल आम्हाला शंका नव्हती. परदेशातल्या हुशार माणसांनी लिहिलेल्या गोष्टीला आपण हात लावला, तेव्हा बिघडलं ते आपल्याच हातून, हे आम्ही गृहीत धरलं होतं. ती आमची त्या काळातली चूक. फक्त आमची नव्हे, सगळ्या गावाची. कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळणाऱ्या गावात दुसरं कुणी काय समजणार?

म्हणून आम्ही एकेक भोक बुजवत गेलो. अर्ध्यात तुटलं तर कुठं तुटलं ते लक्षात ठेवायचं. परत जुळलं तर तिथूनच पुढं घ्यायचं. मूळ कोड थोडा वेळ वाट बघून हात वर करायचा, वापरणाऱ्याला सांगायचा की झालं नाही. मन्मथनं ते काढलं. “हात वर कावून करायचे? लाईट येनारच हाय की. बसून ऱ्हायचं. आपुन बसतो तसं.” त्याच्या कोडमधलं यंत्र मोंढ्यातल्या माणसासारखं झालं. लाईट गेली की तक्रार न करता पायरीवर बसणारं, आणि आली की सोडलं होतं तिथूनच पोत्याला दाभण लावणारं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी आम्ही केबल तपासायला गच्चीवरून निघालो. मधल्या गच्चीखालच्या घरात हमीदाखाला राहायच्या. अप्पांच्या गोदामातली फाटकी पोती शिवून द्यायच्या. त्यांच्या गच्चीवरून केबल कमरेच्या उंचीवर गेली होती, आणि तिच्यावर भिजलेली, पाणी गळणारी, गाढवाच्या वजनाची रजई. रजईच्या भारानं केबल खाली, तिच्या ओढीनं पलीकडचा कनेक्टर तिरपा. वारं आलं की तुटायचं, थांबलं की जुळायचं. अकराला खालांचे कपडे धुऊन व्हायचे, आणि पाऊस थांबल्यापासून ते गच्चीवर वाळत.

मन्मथ मटकन खालीच बसला. मी ओरडलो, “खाला! ही कॉम्प्युटरची तार आहे!”

“तो मैं क्या करू?” खाला बादली आपटून म्हणाल्या. “मेरेकू पूछके लगाई थी क्या? तार है तो कपडे डालनेकुच है ना! इत्ती मजबूत तार, और खाली छोडू?”

मी रजई उचलायला पुढं झालो. मन्मथनं माझा दंड धरला. तो हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

“ऱ्हाऊ दे बे. रजई ऱ्हाऊ दे.”

“अरे, पण हीच तर...”

“आता तुटली तरी आपलं काय अडतंय? सांग ना, काय अडतंय?” त्यानं केबलवर हात ठेवून ती अजून जरा खाली दाबली. “खाला, डालो तुमी. रोज डालो. वाळू दे.”

आणि खरंच काही अडत नव्हतं. रजईला चुकवायच्या नादात आम्ही असं काही लिहून बसलो होतो जे रजईला भीत नव्हतं.

ते सगळं आम्ही परदेशात पाठवलं. उत्तर डब्यातून आलं, सभ्य होतं. त्यात लिहिलं होतं की काम बारकाईचं आहे, पण कुठल्याही शहाण्या मांडणीत दुवा इतक्या वेळा तुटत नाही. आमच्या तारांमध्ये बिघाड दिसतो. कृपया स्थिर जाळ्यावर चाचणी घ्या, आणि तो वाट बघत बसण्याचा भाग काढून टाका, मग बाकीचं मूळ कोडमध्ये सामील करून घेता येईल. मी ते वाचून दाखवलं आणि म्हणालो, “काढू. तेवढंच काढायचंय. बाकीचं घेतायत.” मला घाई होती. पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं माझ्याकडं आलं होतं, आणि ते मन्मथला माहीत होतं.

मन्मथ चिवड्यातले दाणे वेचत होता. मग म्हणाला, “लिव्ह. म्हनावं, तुमच्याकडं लाईट असती आन कदीतरी जाती. आमच्याकडं ती नसती आन कदीतरी येती. तुमी जान्यासाटी लिव्हलंय, आमी येन्यासाटी. तार अशीच ऱ्हानार. तिच्यावर कपडे वाळतात.”

“कपड्यांचं लिहू?”

“ते तर लिव्हच.”

मी लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं इंग्रजी पत्र होतं, कारण ते माझं नव्हतंच.

तोवर अप्पांनी मुदत घातली होती. संक्रांतीच्या सुमारास नवी तूर येते, तेव्हा माडी रिकामी लागते. “तूर आली की वरचं खाली,” ते म्हणाले. “येक तर हे दुकानाला कामाचं हाय म्हनून दाखव, न्हाई तर गादीवर येऊन बस. माडी तुरीची हाय, मन्मथ. लई दिस भूताखेताला दिली.” एवढंच पणाला लागलं होतं. माडी गेली की काम गेलं, आणि मन्मथचा प्रश्न कायमचा मिटला.

म्हणून पहिल्या मोठ्या सौद्याच्या दिवशी आम्ही ते दुकानातच लावलं. माडीवरचं यंत्र खाली आणून अप्पांच्या गादीशेजारी ठेवलं. कुणाची तूर गोदामात कुठल्या थप्पीला लागली, याची एकच फाइल, इकडूनही लिहायची आणि तिकडूनही. मोंढा भरलेला. बैलगाड्या, टेम्पो, तुरीचा कोरडा गोडसर वास, सौदा पुकारणाऱ्याचा चिरका आवाज. माणसं सौदा सोडून आमच्याभोवती जमली. एक म्हातारा म्हणाला, “अप्पा, टीवी लावला का गादीवर?” अप्पा म्हणाले, “पोरगं लावतंय. बघू, सिनेमा लागतो का.”

दुपारी गिरणी बंद पडली. तिकडची गेली. मन्मथ लिहीत राहिला, जणू काही झालंच नाही. मग इकडची गेली, तिकडची आली, मुनीम तिकडं लिहायला लागला. असं दिवसभर. ऊन कलल्यावर पंखा फिरला, गिरणी फटफटली, आणि दोन्ही यंत्रं समोरासमोर आली. डिस्क कुरकुरली. सगळं जुळलं, एक ओळ सोडून. तिथं यंत्र थांबलं आणि त्यानं दोन्ही प्रती पुढ्यात ठेवल्या. मन्मथनं एका शेतकऱ्याची तूर भिंतीकडच्या थप्पीला लिहिली होती, मुनिमानं दाराकडच्या.

“बिघडलं?” अप्पांनी विचारलं.

“न्हाई, अप्पा. दोघांनी दोन लिव्हलंय. ते कुनाचंच पुसत न्हाई. दोनी दाखवतंय, आन इचारतंय, खरं काय.”

अप्पा चष्मा लावून जवळ आले. पडद्यावर एकाखाली एक दोन ओळी. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, “दोघांचं ऐकून घेतंय? मोठ्याचं खरं, धाकट्याचं खोटं, असं न्हाई करत?”

“न्हाई.”

“मंग आमच्या भावकीपेक्षा शानं हाय.” भोवतालची माणसं हसली. अप्पा हसले नाहीत. ते उठून स्वतः गोदामात गेले, पोती बघून आले, आणि म्हणाले, “दोघांचंबी खरं हाय. निम्मी तूर भिताडाला, निम्मी दाराला. आन हे काढू नका हितून.”

यंत्र गादीशेजारी राहिलं. माडीत तूर भरली. आणि मी त्याच आठवड्यात पुण्याच्या एसटीत बसलो. परदेशाचं उत्तर अजून यायचं होतं. मन्मथ स्टँडवर आला होता, हातात तोच डबा, या वेळी आत खरोखर जेवण. मी खिडकीतून काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. बस वळली तेव्हा तो हात न हलवता उभा होता. त्याचा तो उभा आकार मी पुढं प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक पगारवाढीत पाहिला आहे.

उत्तर आलं ते मन्मथला. त्यांनी ते सामील केलं होतं, वाट बघत बसण्याच्या भागासकट. फक्त त्याला एक बटण लावलं, आणि ते बंद अवस्थेत ठेवलं. ज्याला हवं त्यानं चालू करावं. खाली आम्हा दोघांची नावं, आधी त्याचं. पुढं मी मोठ्या कंपन्यांत काम केलं, जाळ्यांची मोठमोठी कामं. कुणी म्हणायचं की अमुक शहाणं, अमुक अव्यवहार्य, आणि माझ्या तोंडावर यायचं की एक बटण आहे, बंद ठेवलंय तुम्ही, पण आहे. मोंढ्यात ते बटण कायम चालू होतं. अप्पा गेले, मुनीम गेला, यंत्रं बदलली, पण बरीच वर्षं अडत त्यावरच चालली. गावाला ते दिसलं नाही, कारण जे चालतं ते दिसत नाही. मग मला कुणी सांगू नये की पोरांनी वर्ष वाया घालवलं. आमच्या अंधारात जे चाललं, ते त्यांच्या उजेडात चालवून दाखवायची आम्हाला गरज नव्हती.

परवा गच्चीवर मी मन्मथला ते सगळं म्हणून टाकलं. त्याचे केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, लुंगी तीच. म्हणालो, “मी तेव्हा जायला नको होतं. तुला टाकून गेलो.”

तो वाळलेल्या पंच्याची घडी घालत होता. घडी घालण्याआधी त्यानं पंचा झटकला. राख नव्हती, तरी झटकला.

“तू कुटं गेलास बे? मी घालवला तुला. आपल्या दोघांत इंग्रजी लिव्हनारा येकच व्हता. तो तिकडं नको का? अप्पाला मीच म्हनलो व्हतो, त्येला आडवू नका.”

“मला असं आठवत नाही, मन्मथ. मला आठवतं ते मी पळालो.”

“मंग ठेव की दोनी,” तो म्हणाला. “कुनाचं पुसतोस?”

शेजारच्या गच्चीवर हमीदाखालांची सून आली होती. खाला जाऊन बरीच वर्षं झाली. कठड्यावर बादली टेकवून तिनं विचारलं, “भाईजान, रजई डालू क्या तुमारी तार पे? हमारीपे जगा नै.”

“डालो ना,” मन्मथ म्हणाला.

तिनं ती भिजलेली, जड रजई कठड्यावरून ओढून केबलवर टाकली. केबल खाली गेली. आणि आम्हा दोघांचेही हात, एकमेकांकडे न बघता, टाकीजवळच्या कनेक्टरकडे गेले. माझा आधी पोचला. त्याचा माझ्या हातावर पडला.

“सोड बे,” तो म्हणाला. “वाळू दे.”

मी हात काढला. केबल रजईच्या भारानं अजून थोडी लवली, तिच्यातून पाणी ठिबकलं, वारं आलं, आणि ती तशीच राहिली.